धर्मादा कोणाचा?

दानाविषयीं आपल्या भाषेंत एक वचन घरोघर बोललें जातें: या हातानें दिलेलें त्या हातास कळूं नये. देणाऱ्याच्या दृष्टीनें हें वचन फार चांगलें आहे. दिलेल्या पैशाचा डांगोरा पिटणें आणि घेणाऱ्यास मिंधें करणें, हे दोन दोष त्यामुळें टळतात. परंतु ह्याच वचनाचा आधार जेव्हां पैसा सांभाळणारा घेऊं लागतो, तेव्हां अनर्थ ओढवतो. देऊन विसरून जावें, हें देणाऱ्याचें मोठेपण. सांभाळणाऱ्यानें मात्र एक पैही विसरतां कामा नये, हा त्याचा धर्म. ह्या दोन गोष्टींची गल्लत झाली म्हणजे उत्तम हेतूनें निघालेल्या संस्थेचीही दैना होते. म्हणून सार्वजनिक दानाचा मालक कोण, राखणदार कोण, आणि राखणदारास जाब विचारण्याचा अधिकार कोणाचा, हें प्रत्येक सुशिक्षित घरांत नीट समजलें पाहिजे.

महाराष्ट्रांत ह्या राखणदारांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यास धर्मादाय आयुक्त म्हणतात. त्याचें मुख्य कार्यालय मुंबईस असून लातुरांतही विभागीय कार्यालय आहे. ‘धर्मादाय’, किंवा बोलण्यांतला ‘धर्मादा’, हा शब्द मात्र ह्या कचेरीहून पुष्कळच जुना आहे. लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात, आणि तुरीच्या व तेलबियांच्या आडतीकरितां ही पेठ दूरवर प्रसिद्ध आहे. अशा आडतपेठांतून मालाच्या पट्टीवर हमाली व तोलाई यांच्या जोडीला ‘धर्मादा’ म्हणून कांहीं पैसे लावण्याची चाल देशांत ठिकठिकाणीं होती. एका पोत्यामागें ही रक्कम अगदीं क्षुल्लक. पण हंगामभर हजारों पोतीं उतरलीं म्हणजे तिचा आंकडा मोठा होई. त्यांतून कोठें पाणपोई चाले, कोठें पांजरपोळ, कोठें धर्मशाळा तर कोठें पाठशाळा. पुढें बाजार-नियमनाचे कायदे झाले व शेतकऱ्याच्या पट्टींतून नियमाबाहेरची कपात करण्यास मनाई झाली; तरी व्यापाऱ्या-व्यापाऱ्यांतील व्यवहारांत धर्मादा लावण्याचा रिवाज कायद्याच्या ओळखीचा राहिला.

आतां प्रश्न असा कीं, असा जमलेला पैसा कोणाचा? देणाऱ्याचा म्हणावा, तर तो पट्टी घेऊन आपल्या गांवीं निघून गेला. दुकानदाराचा म्हणावा, तर त्यानें तो स्वतःच्या नफ्यांतून काढलेला नाहीं. देवाचा किंवा गाईचा म्हणावा, तर त्यांना वही वाचतां येत नाहीं. १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्यानें ह्या प्रश्नाचें स्पष्ट उत्तर दिलें आहे. (हाच कायदा आतां महाराष्ट्राच्या नांवानें ओळखला जातो.) त्याच्या ५४ व्या कलमाप्रमाणें, रिवाजानें अथवा करारानें धर्मादा म्हणून घेतलेली रक्कम घेणाऱ्याच्या हातीं विश्वस्त म्हणूनच राहते, आणि तिचा हिशेब त्यानें दरसाल धर्मादाय कचेरीस सादर करावयाचा असतो. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयानेंही हाथरस येथील एका कापडगिरणीच्या प्रकरणांत असाच निर्वाळा दिला कीं, गिऱ्हाइकांकडून घेतलेला धर्मादा हें गिरणीचें उत्पन्न नव्हे. ह्या लहानशा उदाहरणांत सगळ्या विषयाचें सार आलें आहे. ज्याच्या तिजोरींत पैसा आहे तोच त्याचा मालक, हा नेहमींचा नियम धर्मादायाच्या दारीं थांबतो.

सार्वजनिक विश्वस्तव्यवस्थेंत तीन पक्ष असतात: देणारा, सांभाळणारा, आणि ज्याच्या भल्यासाठीं दिलें तो लाभार्थी. ह्यांतच तिची एक जन्मजात दुर्बलता आहे. किराणा दुकानांतील तूर कडक निघाली तर गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानीं जातें, कारण पैसे देणारा आणि डाळ शिजविणारा एकच. धर्मादायांत तसें नसतें. जो पैसे देतो त्याला वस्तु मिळत नाहीं; ज्याला वस्तु मिळते त्यानें पैसे दिलेले नसतात. अनाथाश्रमांतील मुलाच्या पानांत दूध पातळ आलें, तर तें देणगीदारास दिसत नाहीं. आणि मुलास दिसलें, तरी बोलण्याची त्याची छाती होत नाहीं. दोघांच्या मध्यें उभा असलेला विश्वस्त प्रामाणिक असेल तर सर्व ठीक. नसेल तर कुंपणच शेत खाऊं लागतें, आणि शेताला तोंड नसतें. म्हणून लाभार्थ्याच्या वतीनें बोलणारा कोणी तरी चौथा असावा लागतो. प्राचीन काळीं तें काम राजाचें मानीत. आजच्या काळीं तें कायद्याचें व नागरिकांचें आहे.

ही अडचण एकट्या आपल्याच देशाची नव्हे. इंग्लंडांत १६०१ सालीं राणी एलिझाबेथच्या अमदानींत धर्मादाय पैशांच्या गैरवापराची चौकशी करण्यासाठीं कायदा झाला, आणि १८५३ सालीं तेथें कायमचें धर्मादाय आयोग-मंडळ नेमण्यांत आलें. आपल्याकडे पेशवाईंत श्रावणमासीं वांटली जाणारी दक्षिणा प्रसिद्ध होती. राज्य गेल्यावर त्या निधीचें काय करावें, हा प्रश्न इंग्रज सरकारपुढें आला. १८२१ सालीं पुण्यास संस्कृत पाठशाळा निघाली ती ह्याच पैशाच्या आधारानें. आणि १८४९ सालीं लोकहितवादी प्रभृति मंडळींनीं अर्ज करून, मराठी भाषेंत उपयुक्त ग्रंथ लिहिणारांसही त्यांतून साह्य मिळावें अशी मागणी केली. एका हेतूनें ठेवलेला पैसा काळ बदलल्यावर दुसऱ्या हेतूकडे वळवावा कीं नाहीं, आणि वळवावयाचा तर तो कोणी ठरवून, ह्याची महाराष्ट्रांतील ही जुनी व उघड चर्चा होय. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारनें १९४८ सालीं न्यायमूर्ति तेंडोलकर यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमून सार्वजनिक संस्थांच्या कारभाराची पाहणी करविली, आणि तिच्या शिफारशींतून १९५० चा कायदा जन्मास आला.

लातूर तेव्हां मुंबई इलाख्यांत नव्हतें. तें निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होतें. तेथें देवस्थानें, दर्गे व इनामें यांची देखरेख ‘उमूर-इ-मजहबी’ नांवाच्या खात्याकडे असे, आणि फसली सन १३४९ मध्यें, म्हणजे इसवी सन १९४० च्या सुमारास, तेथें धर्मादाय मालमत्तेसंबंधीं स्वतंत्र नियम झाले होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं मराठवाडा मुंबई राज्यास जोडला गेला, आणि त्यानंतर १९५० चा कायदा ह्या भागासही लागू करण्यांत आला. वक्फांचा कारभार मात्र पुढें वेगळ्या कायद्यानें चालूं लागला.

ह्या इतिहासाचा लातूरच्या आजच्या घरांशीं निकटचा संबंध आहे. निजामी अमलांत मराठींतून शिक्षणाची सोय तुटपुंजी होती. तेव्हां लोकांनींच पदरमोड करून शाळा उभ्या केल्या. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा आणि अंबाजोगाईचें योगेश्वरी विद्यालय, जेथें स्वामी रामानंदतीर्थांनीं अध्यापन केलें, हीं त्यांतील ठळक नांवें. ‘लातूर पॅटर्न’ म्हणून ज्या अभ्यासपद्धतीचा महाराष्ट्रभर गवगवा झाला, तिची कीर्तिही राजर्षि शाहू व दयानंद यांसारख्या, लोकांच्या संस्थांनीं चालविलेल्या महाविद्यालयांनीं मिळविली. अशी शिक्षणसंस्था १८६० च्या संस्था-नोंदणी कायद्याखालीं नोंदली जाते, आणि महाराष्ट्रांत ती १९५० च्या कायद्याप्रमाणें सार्वजनिक विश्वस्तव्यवस्थाही ठरते. म्हणजे तिच्या अध्यक्षास, चिटणीसास वा संचालकास तिच्या एका बांकावरही मालकी सांगतां येत नाहीं. असें असतां मराठवाड्यांत काय, पश्चिम महाराष्ट्रांत काय, लोक सहज बोलून जातात कीं, तें कॉलेज अमक्या दादांचें आणि ती शाळा तमक्या आबांची. ही नुसती बोलण्याची ढब नव्हे. जें लोकांचें आहे तें बोलतां बोलतां एकाचें करून टाकलें, म्हणजे मग हिशेब मागणें हा उद्धटपणा वाटूं लागतो.

हिशेब मागण्याचे मार्ग कायद्यानें कोणकोणते ठेविले आहेत, तें आतां पाहूं. पहिला मार्ग नोंदणीचा. दारिद्र्यनिवारण, शिक्षण, औषधोपचार, किंवा लोकोपयोगाचें दुसरें कोणतेंही काम करणाऱ्या व्यवस्थेस आपली नोंद करावी लागते. आणि ह्या नोंदींत तिचें नांव, उद्देश, विश्वस्त व मालमत्ता लिहिलेली असते. नोंदणीकृत संस्थांचा क्रमांक बहुधा ‘एफ’ ह्या अक्षरानें सुरू होऊन पुढें जिल्ह्याचें नांव येतें. विश्वस्त बदलला किंवा मालमत्तेंत फेरफार झाला, तर त्याची वर्दी ९० दिवसांच्या आंत द्यावी लागते. ह्या वर्दीस ‘बदल अर्ज’ म्हणतात. कारभारी कोण, हेंच लोकांस ठाऊक नसेल, तर जाब कोणास विचारावा? नोंदवहीचें खरें काम एवढेंच आहे.

दुसरा मार्ग हिशेबाचा. दरसाल ३१ मार्चला जमाखर्चाचा ताळा घेऊन ताळेबंद करावा लागतो, आणि तो बाहेरच्या तपासनिसाकडून तपासून घ्यावा लागतो. तपासनिसाचें काम बेरजा जुळविण्यापुरतेंच नाहीं. गैर खर्च, बुडालेली वसुली, अपव्यय किंवा अफरातफर दिसल्यास ती आपल्या अहवालांत नमूद करणें हें त्याचें कर्तव्य आहे. तिसरा मार्ग मालमत्तेच्या रक्षणाचा. धर्मादाय आयुक्ताच्या पूर्वमंजुरीवांचून संस्थेची स्थावर मिळकत विकतां, बदलतां किंवा बक्षीस देतां येत नाहीं. शेतजमीन दहा वर्षांहून अधिक, आणि बिगरशेती जमीन किंवा इमारत तीन वर्षांहून अधिक मुदतीच्या पट्ट्यानें देतां येत नाहीं. शहर वाढूं लागलें म्हणजे देवस्थानाच्या माळरानाला सोन्याचा भाव येतो, आणि तेव्हांच ह्या कलमाची खरी कसोटी लागते.

चौथी गोष्ट आपल्या गल्लीच्या अधिक जवळची आहे. जी मंडळी कायमची संस्था न काढतां उत्सवासाठीं अथवा एखाद्या आपत्तीसाठीं वर्गणी गोळा करतात, त्यांनींही आधीं धर्मादाय कचेरीची परवानगी घ्यावी व मागाहून हिशेब द्यावा, असें ४१ (क) हें कलम सांगतें. गणेशोत्सवाच्या मंडळांस जी परवानगी लागते ती हीच.

लातूर जिल्ह्यानें ह्या सर्व प्रश्नांची परीक्षा एका भयंकर पहाटे दिली. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हांचा उस्मानाबाद, म्हणजे आतांचा धाराशिव, ह्या दोन जिल्ह्यांत सुमारें आठ हजार माणसें दगडमातीच्या भिंतींखालीं गेलीं. देशांतून व परदेशांतून मदतीचा लोंढा आला. भारतीय जैन संघटनेनें सुमारें बाराशें मुलांना पुण्यास नेऊन त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी उचलली. जागतिक बँकेच्या कर्जाच्या आधारानें सरकारनें पुनर्वसनाची मोठी योजना आंखली, ५२ गांवें नव्या जागीं वसविण्याचें ठरलें, आणि त्यांतील अनेक गांवें देणगीदार संस्थांनीं बांधून दिलीं.

ह्या कामांतून पुष्कळांना छप्पर मिळालें, हें कृतज्ञतेनें सांगितलें पाहिजे. परंतु एक धडाही मिळाला. नवीं गांवें पुष्कळ ठिकाणीं शहरी वसाहतीसारखीं सरळ रेषांत, लांबरुंद जागेंत आंखलीं गेलीं. जुन्या गांवांतील चौक, अंगण, गुरांचा गोठा, कडब्याची जागा आणि भाऊबंदांचा शेजार ह्यांची त्या आंखणींत पुरेशी दाद लागली नाहीं, अशी टीका अभ्यासकांनीं केली आहे. देणगीदारास हिशेब चोख मिळाला असेल. विटा किती, सिमेंट किती, घरें किती, सर्व बरोबर. पण ज्याला त्या घरांत जन्म काढावयाचा, त्याला कोणी विचारलें होतें काय? उलट, ज्या गांवांचें स्थलांतर न होतां घरांची दुरुस्ती व मजबुती करावयाची होती, तेथें ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ ह्या संस्थेच्या पुढाकारानें गांवांतील स्त्रियाच संवादसहायक म्हणून काम करूं लागल्या. पैसे किती मंजूर, सामान कोणतें घ्यावें, भिंत कशी बांधावी, ह्याची माहिती त्या घरोघर पोंचवीत व अडचणी वर कळवीत. त्यावरून एक गोष्ट ध्यानांत येते: हिशेब दोन दिशांनीं द्यावयाचा असतो, वर देणाऱ्याला आणि खालीं घेणाऱ्याला, आणि सहसा राहून जातो तो दुसरा.

रुग्णालयांच्या बाबतींत कायद्यानें हा दुसरा हिशेब लेखी करून ठेविला आहे. सरकारची मदत वा सवलत घेणाऱ्या मोठ्या धर्मादाय रुग्णालयांनीं शेंकडा दहा खाटा निर्धन रुग्णांसाठीं मोफत आणि शेंकडा दहा खाटा दुर्बल घटकांसाठीं सवलतीनें राखून ठेवाव्यात, असा नियम आहे. आणि मुंबई उच्च न्यायालयानें २००६ सालीं मान्य केलेल्या योजनेनुसार बिलांच्या एकूण रकमेचा शेंकडा दोन भाग निर्धन रुग्ण-निधींत टाकावा लागतो. ही उपकाराची वांटणी नसून कर्तव्याची आहे. पण ज्याच्यासाठीं हा नियम केला त्या खेडुताला तो ठाऊक नसेल, तर खाट रिकामी राहते आणि खेडूत सावकाराकडे जातो. सुशिक्षित शेजाऱ्यानें त्याला हें एक वाक्य सांगितलें, तरी तो एका मोठ्या देणगीएवढा उपकार होईल.

विश्वस्तच बिघडला तर काय? हिशेब देण्यांत वारंवार कसूर, कायदेशीर आज्ञेची अवज्ञा, मालमत्तेचा अपहार किंवा कर्तव्यांत हयगय, अशा कारणांवरून चौकशीअंतीं विश्वस्तास दूर करतां येतें. कारभाराची घडी बसविण्यासाठीं संस्थेस नवी योजना घालून देतां येते. हितसंबंध असलेल्या दोन व्यक्ति पुढें येऊन दाद मागूं शकतात: देवळाच्या बाबतींत दर्शनाचा हक्क असलेले, संस्थेच्या बाबतींत सभासद, इतरत्र लाभार्थी. मात्र सरकारच्या हातालाही सीमा आहे. १९५४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें रतिलाल पानाचंद गांधी यांच्या खटल्यांत हा कायदा बहुतांशीं कायम ठेविला. पण धार्मिक संस्थेचा कारभार तिच्याकडून सर्वस्वीं काढून घेणें, किंवा तिचा पैसा संस्थापकाच्या हेतूविरुद्ध भलतीकडे वळविणें, हें चालणार नाहीं, असें सांगून कांहीं कलमांचे अंश रद्द केले. सरकार हें पहारेकरी. त्यानें घरांत शिरून यजमान होऊं नये.

आणि पहारेकऱ्याची नजर कागदापलीकडे फारशी जात नाहीं, हेंही खरें. बदल अर्जांवर दोन तटांचीं भांडणें लागतात आणि वर्षानुवर्षें रेंगाळतात. तोंवर विश्वस्त कोण, हेंच अनिश्चित राहतें. कायद्यानें दार ठेविलें आहे, पण तें ठोठावणारा हवा. आयकराच्या सवलतीमुळें तर वर्गणी न देणाऱ्या नागरिकाचाही ह्यांत वांटा आहे. कारण सवलत म्हणजे सरकारी तिजोरींत न आलेला पैसा, आणि ती मिळण्यासाठीं संस्थेनें सामान्यतः उत्पन्नाचा शेंकडा ८५ भाग आपल्या उद्दिष्टावर खर्चावा लागतो. सरकारी अनुदानावर मोठ्या प्रमाणांत चालणाऱ्या संस्थेस माहितीचा अधिकार लागू होतो, हेंही सर्वोच्च न्यायालयानें २०१९ सालीं स्पष्ट केलें आहे.

घरगुती व्यवहारांत ह्याचा अर्थ फार सोपा आहे. वर्गणी मागावयास आलेल्यास पावती मागावी आणि तीवरचा नोंदणी क्रमांक वाचावा. विश्वस्त कोण आहेत, एकाच घराण्यांतील सगळे तर नाहींत ना, हें विचारावें. मागील सालचा ताळेबंद पाहण्यास मागावा. चांगली संस्था तो आनंदानें दाखविते, आणि प्रामाणिक चिटणिसास अशा प्रश्नानें अपमान न वाटतां बळच येतें, कारण आडमुठ्या सहकाऱ्यांपुढें त्याला म्हणतां येतें कीं, लोक विचारतात. आपण ज्या संस्थेचे सभासद आहों, तिच्या वार्षिक सभेस चहापुरतें न जातां हिशेबाच्या विषयापर्यंत बसावें. जे विश्वस्त आहेत त्यांनीं जमाखर्चाचा गोषवारा संस्थेच्या फलकावर, साध्या मराठींत, लाभार्थ्यांस वाचतां येईल असा लावावा. ह्यांपैकीं कशासही वकील लागत नाहीं.

पोत्यामागें निघालेला धर्मादा ज्याचा गेला, तो शेतकरी पुन्हां पेठेंत येऊन त्याची चौकशी करीत नसे. त्यानें विश्वास ठेविला होता, किंवा त्याला विचारण्याची सोय नव्हती. आतां सोय आहे. ती वापरली नाहीं, तर धर्मादा कोणाचा ह्या प्रश्नाचें उत्तर ज्याच्या हातीं किल्ली आहे तोच देईल.